गव्हाचा परहेज आणि आल्प्सच्या पायथ्याची बाजारपेठ

परदेशाशी व्यापार करू पाहणारे तरुण आमच्याकडे सल्ल्यासाठी येतात. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. व्हिसा कसा मिळतो, नमुने कसे न्यावेत, बँकेची हमी कोण देतो, भाव डॉलरमध्ये सांगावा की युरोमध्ये. गेल्या दोन वर्षांत मात्र तीन निरनिराळ्या घरांतून एकच नवा प्रश्न आला. "मुलाला डॉक्टरांनी गहू बंद केला आहे. त्याला युरोपात पाठवावे की नाही?" एका घरात तर केवळ एवढ्याच कारणाने मुलाचा पासपोर्ट काढायचे थांबवले होते. मुलगा हिशेबात हुशार, बोलण्यात तयार, आणि धंदा मात्र दुसऱ्याच्या हाती द्यायची तयारी चालली होती.

म्हणून हा विषय आम्ही आरोग्याच्या पानावर न मांडता व्यापाराच्या पानावर मांडत आहोत. मुद्दा पोटाचा असला तरी नुकसान पेढीचे होते.

आमचा धंदा कोशाच्या कापडाचा. भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात, गोसीखुर्द धरणाच्या परिसरात आमचे घर आहे. माल मुख्यतः मोहाडी तालुक्यातील आंधळगावच्या मागांवरचा. या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी त्या वेळचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली आणि २००९ साली त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. धरणाने कोणाच्या धानाला पाणी दिले, तर कोणाचे गाव उठवले. मोबदल्याच्या रकमेतून दुकान टाकलेली, गाडी घेतलेली, कापडाच्या धंद्यात शिरलेली एक पिढी आता जिल्ह्याबाहेर पाहत आहे. अशा घरातला एखादा मुलगा आजाराच्या भीतीने मागे राहिला, तर ते भांडवलच मागे राहते.

आमचा भागीदार हा आमचा सख्खा पुतण्या आहे आणि त्याला हाच आजार आहे. २०२४ च्या जुलैत आम्ही दोघे मिलानचे कापड प्रदर्शन पाहून पुढे कोमोला गेलो. त्या प्रवासात जे पाहिले आणि त्यासाठी जे वाचून-विचारून ठेवले होते, ते येथे क्रमाने देतो.

आजार कोणता आणि कोणता नाही

या आजाराचे नाव सीलिएक. पुष्कळ लोक त्याला गव्हाची ॲलर्जी म्हणतात, पण ते बरोबर नाही. गहू "गरम पडतो" असे म्हणण्याशीही याचा संबंध नाही. गव्हात, जवात आणि राय नावाच्या युरोपीय धान्यात (ही आपली मोहरीची राई नव्हे) ग्लुटेन हे चिवट प्रथिन असते. कणीक मळल्यावर ती ताणली जाते, तुटत नाही, ती याच प्रथिनामुळे. सीलिएक असलेल्या माणसाच्या शरीराची संरक्षक यंत्रणा ग्लुटेन पोटात गेले की उलट स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते.

कापडवाल्यांना हे समजणे सोपे आहे. निरोगी आतड्याचे अस्तर मखमलीसारखे असते. त्यावर बारीक लव असते आणि अन्नाचा सारा कस ती लव शोषून घेते. या आजारात ती लव झडते आणि मखमलीचा नुसता सपाट पोत उरतो. माणूस पोटभर खातो, पण अंगाला लागत नाही. जुलाब, पोट फुगणे, वजन घटणे, मुलांची वाढ खुंटणे ही ओळखीची लक्षणे होत. पण पुष्कळांना पोटाची तक्रारच नसते. नुसते रक्त कमी असते, थकवा असतो, हाडे कमजोर होतात. लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू राहतात आणि मूळ कारण सापडत नाही.

हा आजार संसर्गाचा नाही. सख्ख्या नात्यात तो आढळण्याची शक्यता जास्त असते, म्हणून एकाला निघाला की भावंडांची तपासणी करावी. गव्हाशी असलेला संबंध डच डॉक्टर विलेम डिके यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हॉलंडमध्ये अन्नटंचाई पडली आणि पाव मिळेनासा झाला, तेव्हा अशी आजारी मुले सुधारली, आणि पाव परत येताच पुन्हा खालावली. आजवर यावर गोळी नाही. इलाज एकच, तो म्हणजे जन्मभर ग्लुटेनचा पूर्ण परहेज.

येथे दोन गोष्टी वाचकांनी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. पहिली, तपासणीआधी गहू बंद करू नये. रक्ताची तपासणी आणि नंतर दुर्बिणीने आतड्याचा नमुना घेणे, या दोन्हींत आजार दिसण्यासाठी माणूस गहू खात असावा लागतो. आधीच गहू सोडला तर अहवाल खोटा दिलासा देतो. दुसरी, "थोडेसे चालते" हे येथे लागू नाही. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात गेले तरी आतड्याला इजा होते, असे इटलीतच झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. पावाच्या एका कापात दोन ग्रॅमच्या आसपास ग्लुटेन असते. म्हणजे त्या एका कापाचा चाळिसावा हिस्साही रोजचा झाला तर घातक ठरतो.

आपल्या घरातला लपलेला गहू

भारतात हा आजार गहू खाणाऱ्या उत्तरेकडे अधिक आणि तांदूळ खाणाऱ्या दक्षिणेकडे फार कमी आढळतो. आमचा भंडारा जिल्हा धानाचा. दोन्ही वेळचा भात असलेल्या घरात हा आजार बराच काळ लपून राहू शकतो. आता मात्र रेशनचा गहू, बिस्किटे आणि मैद्याचे पदार्थ प्रत्येक घरात आहेत.

तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, साबुदाणा आणि सर्व डाळी मुळात निर्धोक आहेत. बिर्याणीही निर्धोक, मसाला घरचा असेल तर. पण आपल्या दस्तरखानावरच्या कितीतरी गोष्टी गव्हाच्या आहेत. शीरखुर्म्यातल्या शेवया गव्हाच्या. हलीम आणि खिचडा यांचा तर पायाच गहू आणि जव. कबाबात बांधणीसाठी पावाचा चुरा असतो. बाजारातल्या डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. मुलांना दुधातून देतात त्या माल्टच्या पेयांत जव असते.

आणि सर्वांत मोठा धोका म्हणजे पिठाची चक्की. तांदूळ शुद्ध, भाकरी तांदळाची, पण दळण ज्या चक्कीवर आणले तिच्यावर आधी कोणाचा गहू दळला होता. जात्यात, झडपेत, पिशवीत राहिलेले पीठ आपल्या दळणात येते. ही एकच गोष्ट ज्या घराला समजली, त्याला युरोपातले हॉटेलही समजले असे मानावे. तेथेही प्रश्न "पदार्थात गहू आहे का" एवढाच नसतो. तोच चाकू, तेच तेल, तेच उकळते पाणी वापरले का, हाही प्रश्न असतो.

कोमो कोठे आणि कशासाठी

इटलीच्या उत्तरेला, आल्प्सच्या पायथ्याशी, लारियो नावाच्या सरोवराच्या टोकाला कोमो शहर वसले आहे. मिलानच्या मुख्य स्थानकावरून रेल्वेने सुमारे चाळीस मिनिटांत पोहोचता येते. मिलानच्या कादोर्ना स्थानकावरून जाणारी दुसरी गाडी तासाभरात थेट सरोवराच्या काठावरच्या स्थानकात नेते. स्वित्झर्लंडची हद्द अगदी जवळ आहे. शहरामागच्या डोंगरावर ब्रुनाते गावापर्यंत जाणारी दोरखंडाची रेल्वे १८९४ पासून चालू आहे. विजेच्या दाबाचे माप ज्यांच्या नावावरून "व्होल्ट" झाले, ते अलेस्सांद्रो व्होल्टा येथलेच, जन्म १७४५.

आपल्या दृष्टीने कोमोचे महत्त्व रेशमाचे आहे. एके काळी आजूबाजूच्या खेड्यांत तुतीची झाडे आणि रेशमाचे किडे घरोघर होते. आता तेथे किडे पाळत नाहीत. कच्चे रेशीम मुख्यतः चीनहून येते आणि कोमोत रंगाई, छपाई व शेवटची तयारी होते. युरोपातल्या मोठमोठ्या नावांचे रुमाल आणि टाय येथे छापले जातात. रेशमाचे तंत्र शिकवणारी शाळा १८६८ सालची आहे आणि १९९० पासून रेशमाचे संग्रहालयही आहे. नव्या व्यापाऱ्याने ते आधी पाहावे, म्हणजे समोरच्याशी कशावर बोलावे ते कळते.

आमचा कोसा हे तुतीचे रेशीम नव्हे. ऐन आणि अर्जुन या झाडांवर वाढणाऱ्या किड्याचे ते रेशीम आहे. तुती, टसर, एरी आणि मुगा ही चारही प्रकारची रेशमे पिकवणारा देश भारत एकटाच. कोशाची नैसर्गिक सोनेरी छटा आणि धाग्याची असमानता हीच तेथे विचारली जाते. तेथले कारागीर कापड डोळ्यांनी नंतर पाहतात, आधी बोटांनी पाहतात. त्यांच्यासमोर खोटा माल चालत नाही.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. कापसाला इटालियन भाषेत "कोतोने" म्हणतात आणि हा शब्द अरबी "कुत्न" वरून आला. जुन्या व्यापाराच्या खुणा अशा शब्दांत उरल्या आहेत.

कायदा काय म्हणतो

परहेज पाळणाऱ्याला युरोपात आधार आहे तो कायद्याचा. युरोपीय संघात "ग्लुटेनमुक्त" असा शब्द पाकिटावर छापायचा तर एक किलो मालात ग्लुटेन २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने हीच मर्यादा ठरवलेली आहे. डिसेंबर २०१४ पासून संघातील सर्व देशांत आणखी एक नियम लागू झाला. गहू, जव, राय यांसह चौदा प्रकारचे त्रासदायक घटक पाकिटावर उठून दिसतील असे, म्हणजे ठळक किंवा वेगळ्या अक्षरांत छापावे लागतात. हॉटेलात मिळणाऱ्या उघड्या पदार्थांबाबतही ही माहिती गिऱ्हाइकाला मिळालीच पाहिजे.

इटलीने त्याही पुढे जाऊन २००५ साली सीलिएक रुग्णांसाठी स्वतंत्र कायदा केला. शाळा, रुग्णालये आणि सरकारी भोजनालयांत मागणी केल्यास ग्लुटेनमुक्त जेवण द्यावे लागते. तेथल्या रुग्णांना अशा अन्नाच्या खरेदीसाठी सरकारकडून दरमहा मदतही मिळते. म्हणूनच हे अन्न औषधांच्या दुकानांतही विकले जाते. बाहेर हिरव्या क्रॉसची पाटी दिसली की आत विचारावे. १९७९ साली स्थापन झालेली इटालियन सीलिएक संघटना हॉटेलवाल्यांना शिकवते, तपासते आणि आपल्या यादीत घेते. या यादीत देशभरची हजारो ठिकाणे आहेत. पाकिटावर वर्तुळात आडवी रेघ मारलेली गव्हाची ओंबी दिसली, तर ती या पथ्याची आंतरराष्ट्रीय खूण होय.

ताटात काय घ्यावे, काय टाळावे

पिझ्झा आणि शेवयांचा देश म्हणून इटलीची भीती वाटते. प्रत्यक्षात उत्तर इटली हा भाताचा आणि मक्याचा मुलूख आहे. युरोपात सर्वांत जास्त तांदूळ इटली पिकवते आणि तो वेर्चेल्ली, नोवारा, पाविया या मिलानच्या आसपासच्या जिल्ह्यांत होतो. बांध्यांत पाणी भरून उभे असलेले धान पाहून भंडाऱ्याच्या माणसाला परके वाटत नाही. पण प्रत्येक पदार्थात एक फट असते आणि ती माहीत असली पाहिजे.

रिसोत्तो, म्हणजे रसात मुरवलेला भात. तांदूळ निर्धोक. मात्र रस पाकिटातल्या वडीचा असेल तर त्यात गहू असू शकतो. आपल्यासाठी दुसरी बाबही आहे. भात परतताना त्यात दारू शिंपडण्याची रीत आहे, आणि रस मांसाचा असू शकतो. दोन्ही गोष्टी आधीच विचाराव्यात. रिसोत्तो मागणीनंतर ताजा शिजतो, त्यामुळे चांगल्या ठिकाणी दारूशिवाय, भाजीच्या रसात करून देतात.

भात आणि पेर्सिको मासा. हे कोमोचे स्वतःचे जेवण होय. सरोवरातल्या माशाचे काप लोण्यात तळून भातावर ठेवतात. वैनगंगेच्या काठच्या माणसाला याहून ओळखीचे ताट कोणते! पण फट येथेच आहे. तळण्यापूर्वी मासा बहुधा मैद्यात घोळवतात. ताटात भात आणि मासा एवढेच दिसते, मैदा दिसत नाही.

पोलेंता. मक्याच्या पिठाचे घट्ट पिठले म्हणावे असा हा पदार्थ. डोंगराळ भागाचे हे मूळ अन्न. लोणी, चीज किंवा अळंबीबरोबर मिळते. मका स्वतः निर्धोक आहे. फक्त पीठ आणि भांडे वेगळे आहे का ते पाहावे.

पिझ्झोक्केरी. कोमोच्या वरच्या अंगाला असलेल्या वाल्तेल्लिना खोऱ्यातल्या या जाड शेवया. त्या कुट्टूच्या पिठाच्या, म्हणून अनेक जण निर्धास्त खातात. कुट्टूला तेथे "ग्रानो साराचेनो" म्हणतात, म्हणजे सारासेनांचे धान्य. सारासेन हे मध्ययुगीन युरोपाने मुसलमानांना दिलेले नाव. नावात "ग्रानो" असले तरी कुट्टू हा गहू नव्हे आणि त्यात ग्लुटेन नसते. परंतु पिझ्झोक्केरीत कुट्टूबरोबर गव्हाचे पीठही घालतात. म्हणून "ग्लुटेनमुक्त" असे स्पष्ट लिहिलेले असेल तरच घ्यावे.

आइस्क्रीम कोनात घेऊ नये, पेल्यात घ्यावे आणि चमचा धुऊन वापरायला सांगावे.

दुहेरी परहेज

आपल्या माणसापुढे दोन पथ्ये एकदम असतात, हलालचे आणि ग्लुटेनचे. एक सुटले की दुसरे अडते. हलाल मांस हवे म्हणून तरुण तुर्की कबाबच्या दुकानात शिरतात. मांस हलाल असेलही. पण ते रोटीत मिळते, फिरत्या मांसाच्या गोळ्यात बांधणीसाठी गव्हाचा रवा किंवा पावाचा चुरा असू शकतो, आणि बटाटे त्याच तेलात तळतात ज्यात पिठाचे पदार्थ तळले. कोमोत एका दुकानदाराने आमच्या पुतण्याला सरळ सांगितले, "भाई, माझ्याकडे तुझ्यासाठी काहीच नाही." असा प्रामाणिक नकार आम्ही उपकारच मानतो.

यावर आम्हाला सापडलेला सोपा मार्ग असा. बाहेर असताना मांसाचा विचारच सोडावा. मासा, अंडी, भात, मका, भाज्या, फळे, खजूर यांवर आठवडा सहज निघतो. दोन्ही पथ्ये एकाच ताटात पाळली जातात आणि हॉटेलवाल्याला समजावण्याचे ओझे निम्मे होते.

विमानातही हीच अडचण येते. तिकिटाबरोबर खास जेवण नोंदवता येते. मुस्लिम जेवणाची खूण वेगळी आणि ग्लुटेनमुक्त जेवणाची वेगळी, आणि सामान्यतः एका प्रवाशाला एकच प्रकार मिळतो. आखाती देशांच्या मोठ्या विमान कंपन्यांत सर्वच जेवण हलाल असते. तेव्हा त्यांचे तिकीट घेऊन ग्लुटेनमुक्त जेवण नोंदवले की दोन्ही कामे होतात. ही नोंद प्रवासाच्या किमान दोन दिवस आधी करावी आणि विमानात चढताच पुन्हा सांगावी. तरीही एका जेवणाचा सुका खाऊ हाताशी असावा, कारण विमान बदलताना नोंद हरवू शकते.

खाऊ नेताना लक्षात ठेवावे की युरोपीय संघात बाहेरच्या देशातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. खव्याची मिठाई, तूप घातलेले लाडू घरीच ठेवावेत. सीलबंद पाकिटातले पोहे आणि मुरमुरे सोयीचे. मात्र तेही ज्या भट्टीत भाजले तेथे गहू नसावा.

बोलावे कसे

संकोच हा या आजाराचा खरा शत्रू. आपल्याकडे यजमानाचे ताट नाकारणे बेअदबी समजतात आणि माणूस गप्प बसून खातो. तेथे उलट आहे. आधी सांगितले तर यजमान मान देतो, आयत्या वेळी ताट सरकवले तर अडचणीत येतो. भेटीची तारीख ठरवणाऱ्या पत्रातच एक ओळ लिहावी, की आमच्या भागीदारास सीलिएक असून आम्ही दारू व मांस घेत नाही. आम्ही तसे लिहिले होते. कोमोच्या ज्या छपाईवाल्यांना आम्ही भेटलो, त्यांनी संघटनेच्या यादीतलेच हॉटेल निवडले. मासा मैद्याशिवाय, वेगळ्या तव्यावर आला. जेवताना आजारावर पाच मिनिटेसुद्धा बोलावे लागले नाही, सर्व वेळ मालावर बोलणे झाले.

मिलानमध्ये मात्र वेगळा अनुभव आला. एका छोट्या उपाहारगृहात तांदळाच्या पिठाचा केक होता आणि त्यावर चिठ्ठीही होती. पुतण्याने विचारून घेतला. पण तो ज्या चाकूने कापला त्यानेच शेजारचा साधा केक कापला जात होता, हे नंतर दिसले. रात्रभर तो उलट्यांनी हैराण झाला. दुसऱ्या दिवशीच्या भेटीला आम्हाला एकट्याने जावे लागले. इंग्रजी बोलणारा तो, मीटर-वजनाचे हिशेब तोंडी करणारा तो. भेट झाली, पण बोलणे निम्म्यावर राहिले. एका चाकूची ही किंमत आहे. म्हणून चिठ्ठी पाहून समाधान मानू नये, हात आणि हत्यार पाहावे.

काही शब्द पाठ करावेत. "सोनो चेलियाको" म्हणजे मी सीलिएक आहे. बाई असेल तर "चेलियाका". "सेंत्सा ग्लूतिने" म्हणजे ग्लुटेनशिवाय, "सेंत्सा वीनो" म्हणजे दारूशिवाय. "फ्रुमेंतो" गहू, "ओर्त्सो" जव, "सेगाले" राय, "फरीना" पीठ, "पाने" पाव. पाकिटावर हे शब्द ठळक अक्षरांत दिसले तर ते खाली ठेवावे.

आल्प्सची इतर शहरे

कोमोहून कोणी पुढे जाणार असेल तर थोडक्यात सांगतो. इटलीतच उत्तरेला बोल्झानो आहे. त्याच्या जवळच, मेरानोकडे जाताना, डॉ. शेर ही कंपनी आहे. १९२२ साली सुरू झालेल्या या कंपनीने १९८१ पासून ग्लुटेनमुक्त अन्न बनवायला घेतले आणि आज तिचा माल सर्व युरोपात मिळतो. ऑस्ट्रियातील इन्सब्रुकमध्ये हॉटेलच्या यादीवर पदार्थांपुढे रोमन अक्षरे छापलेली असतात. त्यांतले पहिले अक्षर "ए" म्हणजे ग्लुटेनचे धान्य. ते असेल तो पदार्थ सोडावा. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण २००८ पासून शेंगेन व्यवस्थेत आहे, म्हणून कोमोहून लुगानोला त्याच व्हिसावर जाता येते. ग्लुटेनमुक्त माल तेथेही मिळतो. फक्त तेथे चलन वेगळे आणि जेवण महाग.

आपल्या गिरणीवाल्यांनी काय पाहावे

या प्रवासात आमच्या मनात एक विचार वारंवार आला. कोमोच्या दुकानात तांदळाच्या पिठाची छोटी पाकिटे साध्या पिठाच्या कितीतरी पट भावाने विकली जात होती. आमच्या भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यात राइस मिल जागोजागी आहेत आणि तुटलेला तांदूळ स्वस्तात जातो. त्याचे पीठ करून बाहेर पाठवता येईल का? येईल, पण "तांदूळ मुळातच ग्लुटेनमुक्त आहे" एवढ्या बोलण्यावर कोणी माल घेणार नाही. दळण्याची यंत्रे स्वतंत्र हवीत, त्या आवारात गहू येताच कामा नये. गव्हासाठी वापरलेले बारदान तांदळाला वापरणे, ट्रक न झाडता भरणे, या आपल्या नेहमीच्या सवयी येथे सौदा बुडवतात. प्रत्येक खेपेची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी व्हावी आणि अहवाल मालाबरोबर जावा. निर्यातीसाठी अपेडाकडे नोंदणी करावी. आधी आपल्याच देशातल्या रुग्णांची गरज पाहावी. नागपूर, पुणे, मुंबईला असे पीठ शोधणारी घरे आहेत. घरचे गिऱ्हाईक सांभाळता आले तर परदेशाचे सांभाळता येते.

निघण्यापूर्वी

१. डॉक्टरांचे इंग्रजी प्रमाणपत्र घ्यावे. त्याचे इटालियन भाषांतर करून खिशात ठेवावे.

२. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा आरोग्य विमा लागतो. विम्याच्या अर्जात आजार लपवू नये. लपवलेल्या आजाराचा दावा मंजूर होत नाही.

३. राहण्याची जागा स्वयंपाकघर असलेली घ्यावी. एक छोटे पातेले आणि कालथा घरूनच न्यावा. तांदूळ तेथे चांगला मिळतो.

४. भेटीच्या दिवशी सकाळचे जेवण स्वतःच्या हातचे असावे. नवा पदार्थ सौदा झाल्यावर चाखावा.

५. पहिल्या प्रवासात एकट्याला पाठवू नये. सोबत्याला सर्व नियम तोंडपाठ असावेत.

शेवटी घरातील वडीलधाऱ्यांना दोन शब्द. या आजाराच्या माणसाला अपंग समजू नये आणि त्याचा आजार झाकूनही ठेवू नये. मुलींच्या बाबतीत तर नाते जुळताना ही गोष्ट लपवतात, आणि मग सासरी ती बिचारी चार जणांत गव्हाची रोटी मुकाट्याने खाते व खंगत जाते. स्पष्ट सांगितले तर भात किंवा ज्वारीची भाकरी देण्यात कोणत्याही घराचे काही जात नाही. मुलगा असो की मुलगी, परहेज पाळला तर आतडे सावरते, रक्त भरते, अंगात जोर येतो. आमचा पुतण्या आज पेढीची सर्व परदेशी पत्रे पाहतो. पुढच्या खेपेला कोमोला तो स्वतःचा सोबती घेऊन जाणार आहे, आणि आम्ही दुकान सांभाळणार आहोत.